तापलेल्या पत्र्याची घडण : शिंगापासून प्लॅस्टिकपर्यंत

१

प्लॅस्टिकचा इतिहास सामान्यतः द्रव्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. १८६२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात अलेक्झांडर पार्क्स याने मांडलेले पार्केसाइन, त्यानंतर काही वर्षांनी अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने सिद्ध केलेले सेल्युलॉइड, लिओ बेकलंड याने १९०९ मध्ये जाहीर केलेले बेकेलाइट, आणि त्यापुढील पॉलिस्टायरीन, ॲक्रिलिक, पॉलिथीन इत्यादी संयुगे, अशी ही मालिका असते. प्रत्येक कडीला एक शोधक, एक वर्ष व एक पेटंट जोडलेले असल्याने ही मांडणी सोयीची ठरते. परंतु द्रव्य कोणी शोधले या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे त्या द्रव्याला आकार कोणी व कोणत्या रीतीने दिला, या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे होत नाही. प्रस्तुत निबंधात हा दुसरा प्रश्न विचारावयाचा आहे, आणि तोही आकारदानाच्या एकाच रीतीपुरता : पत्रा तापवून मऊ करणे, त्याला साच्याच्या आधाराने आकार देणे व त्याच स्थितीत तो निववणे. आजच्या उद्योगात या रीतीला थर्मोफॉर्मिंग म्हणतात. भारतीय कारखान्यांत तिच्या सर्वांत रूढ प्रकाराच्या नावाने, म्हणजे व्हॅक्यूम फॉर्मिंग या नावाने, ती अधिक ओळखली जाते.

या रीतीचे वैशिष्ट्य तिच्या शेजारच्या रीतीशी तुलना केली असता स्पष्ट होते. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून दाबाने साच्यात भरण्याच्या पद्धतीत द्रव्य आपला पूर्वीचा आकार सर्वस्वी टाकून देते. ते आधी रस होते व मग वस्तू होते. पत्र्याच्या घडणीत तसे होत नाही. पत्रा मऊ होतो, पण वितळत नाही. तो ताणला जातो, वाकतो, फुगतो, तथापि आरंभापासून अखेरपर्यंत तो पत्राच राहतो. यावरून एक ऐतिहासिक अनुमान निघते. या रीतीला वितळणाऱ्या द्रव्याची गरज नाही, केवळ उष्णतेने मऊ होणाऱ्या पत्र्याची आहे. असा पत्रा निसर्गात आयता उपलब्ध होता. म्हणून या रीतीचा आरंभ रसायनशाळेत शोधण्याचे कारण नाही.

२

गाईबैलांचे शिंग व समुद्री कासवाची पाठ ही दोन्ही द्रव्ये केराटिन या प्रथिनाची बनलेली असतात. पाण्यात भिजवून उष्णता दिली असता ती मऊ होतात, दाबाखाली नवा आकार घेतात आणि निवल्यावर तो टिकवून धरतात. लंडनच्या शिंगकाम करणाऱ्या कारागिरांची रीत अशी होती : शिंग भिजवून उकळावयाचे, विस्तवावर धरून आणखी मऊ करावयाचे, सुरीने लांबीच्या दिशेने चिरून चिमट्यांनी उलगडावयाचे, आणि तापलेल्या लोखंडी पट्ट्यांमध्ये दाबून त्याचा सपाट पत्रा करावयाचा. हा पत्रा सोलून पातळ केला की अर्धपारदर्शक होई. असे पत्रे कंदिलाच्या खिडक्यांना बसवीत. इंग्रजीतील ‘लँटर्न’ हा शब्द लॅटिनमधून आलेला असून त्याचा शिंगाशी व्युत्पत्तिदृष्ट्या काहीही संबंध नाही. तरीही अनेक शतके इंग्रज लोक त्याचे लेखन ‘लँटहॉर्न’ असे करीत, कारण हातातील कंदिलाला शिंगाचा पत्रा आहे हे त्यांना डोळ्यांनी दिसत होते. लोकव्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या दृष्टीने चुकीची असते. परंतु त्या चुकीतच एखाद्या हरपलेल्या उद्योगाचा पुरावा शिल्लक राहतो. मुलांना मुळाक्षरे शिकविण्यासाठी इंग्लंडात जी लाकडी पाटी वापरीत, तिच्यावरील कागदाचे रक्षणही शिंगाच्या पातळ पत्र्यानेच होई, व त्यामुळे त्या पाटीचे नावच ‘हॉर्नबुक’ पडले.

सपाट पत्रा ही या कामाची पहिली पायरी होय. दुसरी पायरी म्हणजे तोच पत्रा पुन्हा तापवून कोरीव साच्यात दाबणे. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये काम करणारा जॉन ऑब्रिसे हा कारागीर शिंगाच्या व कासवाच्या पाठीच्या तपकिरीच्या डब्यांवर राजे-राण्यांच्या उठावदार मुद्रा अशाच रीतीने उमटवीत असे. आज धातूच्या साच्यांच्या जोडीत प्लॅस्टिकचा तापलेला पत्रा दाबण्याची जी पद्धत आहे, तिच्यात व ऑब्रिसेच्या पद्धतीत तत्त्वतः भेद नाही.

कासवाच्या पाठीचा इतिहास याहून जुना आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात हिंदी महासागरातील या व्यापाराचे उल्लेख पुनःपुन्हा येतात व मलबारच्या बंदरांतून होणाऱ्या निर्यातीतही तिची गणना केलेली आहे. कासवाची पाठ पातळ कापून लाकडी सामानाला मढविण्याची प्रथा कार्विलिअस पोलिओ याने सुरू केली, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. या द्रव्याचा एक विशेष असा की दोन तुकडे उष्णता व दाब यांच्या योगाने सरसाविना एकजीव करता येतात.

आपल्याकडेही ही विद्या अपरिचित नव्हती. विजयदुर्ग येथे गव्याच्या शिंगाचे अलंकार घडविले जात, याची नोंद ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरांत आहे. शिंग खोबरेल तेलाने ओलसर ठेवून विस्तवापुढे तापविले की ते मेणासारखे मऊ होते, हे त्या कामाचे मर्म होते. लाखेच्या धंद्यात तर तापलेला पत्रा ताणण्याची क्रिया अधिक ठळकपणे आढळते. कापडी पिशवीत वितळलेली लाख पिळून काढून तिचा जाडसर थर करावयाचा, आणि तो विस्तवापुढे धरून एकाच माणसाने हात, पाय व दात यांच्या साह्याने चहूबाजूंनी ताणून त्याचा विस्तीर्ण पातळ पत्रा करावयाचा, अशी छोटा नागपूर व त्याच्या आसपासच्या प्रदेशांतील जुनी रीत होती. सुतारांच्या परिचयाची चपडी लाख ती हीच. येथे साचा नाही, यंत्र नाही. पण उष्णतेने मऊ झालेला पत्रा फाटू न देता सारखा कसा ताणावा, हा या रीतीतील सर्वांत कठीण प्रश्न त्या कारागिराने सोडविलेला होता.

३

सेल्युलॉइडचा इतिहास सांगताना हस्तिदंताला पर्याय शोधण्याचा हायटचा प्रयत्न व बिलियर्डचा चेंडू यांवर भर दिला जातो. प्रत्यक्षात या द्रव्याचा प्रसार ज्या रूपात झाला ते रूप पत्र्याचे होते. नायट्रोसेल्युलोज व कापूर यांच्या मिश्रणाचा मोठा ठोकळा तयार करून त्याचे पातळ काप काढीत. हे काप गरम पाण्याच्या उष्णतेनेही मऊ होत. म्हणजे ज्या कारागिराला शिंग तापवून वाकविणे ठाऊक होते, त्याला या नव्या द्रव्यासाठी नवी विद्या शिकण्याची फारशी गरज नव्हती.

याचा पुरावा स्थळांच्या इतिहासात मिळतो. अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स राज्यातील लेमिन्स्टर हे गाव अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शिंगाच्या फण्यांसाठी प्रसिद्ध होते, आणि पुढे सेल्युलॉइडच्या फण्यांचे प्रमुख केंद्रही तेच झाले. फ्रान्समधील ओयोना या गावाची कथा अशीच आहे. तेथे लाकूड व शिंग यांच्या फण्या होत असत, नंतर सेल्युलॉइडच्या होऊ लागल्या, व पुढे ते गाव फ्रेंच प्लॅस्टिक उद्योगाचे एक केंद्र बनले. द्रव्य बदलले, पण गाव व धंदा बदलले नाहीत. द्रव्यांच्या इतिहासात येथे खंड दिसतो. रीतीच्या इतिहासात मात्र येथे सातत्य दिसते.

सेल्युलॉइडने या रीतीत एका गोष्टीची भर घातली आणि ती महत्त्वाची आहे. शिंगाला दाब द्यावयाचा तो लोखंडाने द्यावा लागे. सेल्युलॉइडचे दोन पत्रे साच्याच्या दोन अर्धांमध्ये ठेवून त्यांच्यामधून वाफ सोडली असता वाफेच्याच उष्णतेने ते मऊ होत, वाफेच्याच दाबाने साच्याच्या भिंतींना चिकटत आणि कडांना एकमेकांशी जुळत. पोकळ बाहुल्या व खुळखुळे या रीतीने मोठ्या प्रमाणावर निघू लागले. घन हत्याराऐवजी वायूने आकार देण्याची कल्पना येथे रुजली. टेबल टेनिसचा चेंडू हे पत्र्याच्या घडणीचे आणखी एक उदाहरण होय : सपाट चकत्या उष्णतेने मऊ करून त्यांचे अर्धगोल दाबावयाचे व ते जोडावयाचे. सेल्युलॉइड अत्यंत ज्वालाग्राही असल्यामुळे बहुतेक क्षेत्रांतून ते विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हद्दपार झाले. परंतु आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील चेंडूंमधून ते हटविण्यास २०१४ साल उजाडावे लागले.

बेकेलाइट या परंपरेत बसत नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. ते उष्णतादृढ आहे : एकदा घट्ट झाले की पुन्हा तापविल्याने मऊ होत नाही. प्लॅस्टिकयुगाचा आरंभ बेकेलाइटपासून मानणारा इतिहासकार म्हणूनच पत्र्याच्या घडणीचा पूर्वेतिहास सहज विसरतो.

४

१९३० नंतरच्या दशकात जर्मनीत ओटो रोम याने व इंग्लंडात इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या संस्थेतील रसायनज्ञांनी मेथिल मेथाक्रिलेटपासून काचेसारखा पारदर्शक पत्रा तयार केला. जर्मनीत त्याला प्लेक्सिग्लास व इंग्लंडात पर्स्पेक्स ही व्यापारनामे मिळाली. यांतील दुसरे नाव ‘आरपार पाहणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिककक्षांची झाकणे व बाँबफेकी विमानांची नाके याच पत्र्यापासून घडविली गेली.

या कामात एक विशिष्ट अडचण होती. ॲक्रिलिक सुमारे १०५ अंश सेल्सियसच्या वर मऊ होऊ लागते व साधारणतः १५० ते १७० अंशांच्या दरम्यान घडविण्यायोग्य होते. अशा मऊ पत्र्याला साच्याचा स्पर्श झाला की साच्याचा प्रत्येक ओरखडा त्याच्यावर उमटतो. कंदिलाच्या खिडकीला हा दोष चालून जाई. शत्रूचे विमान शोधणाऱ्या वैमानिकाला तो चालणे शक्य नव्हते. यावर दोन उपाय योजले गेले. पहिला, साच्याला मऊ लोकरी कापडाचे अस्तर लावून त्यावर पत्रा पांघरणे. दुसरा, साचाच काढून टाकणे : पत्र्याच्या कडा एका कड्यात घट्ट आवळावयाच्या, खालून दाबाची हवा सोडावयाची, आणि पत्रा साबणाच्या फुग्याप्रमाणे हवेतच फुगू द्यावयाचा. अशा घुमटाला मधल्या भागात कशाचाच स्पर्श होत नाही, म्हणून तो निर्दोष पारदर्शक राहतो. त्याचा आकार मात्र कड्याचा घेर व हवेचा दाब यांवरूनच ठरतो. घडविणाऱ्याला इच्छेप्रमाणे तो बदलता येत नाही.

युद्धकाळातील या अनुभवाचे एक फळ वैद्यकाच्या क्षेत्रात मिळाले. विमानाचे झाकण फुटून डोळ्यांत शिरलेले पर्स्पेक्सचे कण डोळा सहन करतो, असे इंग्रज नेत्रशल्यविशारद हॅरल्ड रिडली याच्या लक्षात आले व त्या आधारे त्याने १९४९ मध्ये डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. ते भिंग पत्र्याच्या घडणीचे नव्हते, परंतु त्यामागील निरीक्षण घडविलेल्या झाकणांमुळेच शक्य झाले.

ॲक्रिलिकच्या संदर्भात आणखी एक गुण उल्लेखनीय आहे. घडविलेली वस्तू पुन्हा त्याच तापमानापर्यंत तापविली असता ती बहुतांशी पूर्वीच्या सपाट पत्र्याच्या स्थितीकडे परत जाते. तंत्रज्ञ याला द्रव्याची ‘स्मृती’ म्हणतात. लांब रेणुसाखळ्या ताणल्या जातात पण एकमेकींवरून कायमच्या घसरत नाहीत. निवल्याने त्या ताणलेल्या स्थितीत गोठतात, व उष्णता मिळताच आखडतात. पत्रा वितळत नाही, पत्राच राहतो, हे जे प्रारंभी म्हटले, त्याचे याहून स्पष्ट प्रमाण नाही.

५

युद्धोत्तर काळात ही रीत सर्वसामान्य वस्तूंपर्यंत पोहोचली ती निर्वाताच्या साह्याने. साच्याला बारीक छिद्रे पाडून पत्र्याखालील हवा शोषून घेतली की वातावरणाचा दाब पत्र्याला साच्यावर दाबून बसवितो. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे दहा टन असतो. तो फुकट मिळतो व सर्वत्र समान असतो. त्यामुळे साचा पोलादी असण्याची गरज उरत नाही. लाकडाचा किंवा प्लॅस्टरचाही चालतो. साचा स्वस्त झाला की थोड्या प्रतींचे कामही परवडते. या एका आर्थिक कारणाने या रीतीला अनपेक्षित उपयोग लाभले.

त्यांपैकी दोन विद्याव्यवहाराशी संबंधित आहेत. अमेरिकेच्या सेनेच्या नकाशा विभागाने युद्धानंतरच्या वर्षांत प्लॅस्टिकच्या पत्र्यावर सपाट नकाशा छापून, तो पत्रा डोंगरदऱ्यांच्या प्लॅस्टर साच्यावर ओढून उठावाचे नकाशे तयार केले. छापलेली नदी साच्यातील दरीवरच यावी, एवढा मेळ साधणे ही त्यातील खरी कसोटी होती. दुसरा उपयोग ब्रेल लिपीचा. कागदावर हाताने उमटविलेले ब्रेलचे मूळ पान यंत्रात ठेवून त्यावर प्लॅस्टिकचा पातळ पत्रा तापवितात व खालून हवा शोषून घेतात. प्रत्येक बिंदू पत्र्यावर जसाच्या तसा उमटतो. मोठ्या छापखान्याशिवाय एका प्रतीच्या अनेक प्रती काढण्याची ही सोय होती. मराठीसह भारतीय भाषांसाठी भारती ब्रेलची एकत्रित योजना १९५१ मध्ये निश्चित झाली होती. ज्या भाषांत वाचक विखुरलेले व पुस्तकांच्या प्रती थोड्या, तेथे अशा साधनाचे मोल विशेष असते.

निर्वाताच्या रीतीची मर्यादा जाडीच्या गणितात आहे. आठ सेंटिमीटर व्यासाचा व तेवढ्याच खोलीचा सरळ पेला घडवावयाचा असेल, तर तोंडाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर असते, आणि तळ व भिंत मिळून पेल्याचे क्षेत्रफळ सुमारे २५० होते. म्हणजे एक मिलिमीटर जाडीचा पत्रा सरासरी ०.२ मिलिमीटरवर येतो. हीही केवळ सरासरी होय. जो भाग साच्याला आधी टेकतो तो लगेच निवतो व ताणणे थांबवितो, आणि उरलेला सर्व ताण शेवटी टेकणाऱ्या कोपऱ्यांवर पडतो. म्हणून पेल्याचा तळाकडील कोपरा सर्वांत पातळ, व तडकतोही तोच. यावर उपाय असा की हवा शोषण्यापूर्वी एका ठोकळ्याने पत्र्याचा मधला भाग खाली ढकलावयाचा, म्हणजे तळासाठी पुरेसे द्रव्य आधीच पोहोचते. तपशील धारदार हवा असेल तेथे वरून दाबाची हवा देऊन वातावरणाच्या कित्येक पट बल लावतात. शीतकपाटांची आतील अस्तरे, औषधांच्या गोळ्यांची वेष्टने, दह्याचे पेले, अंड्यांचे पारदर्शक खोके, हे सर्व याच कुळातील होत.

६

या रीतीला मराठीत काय म्हणावे? ‘प्लॅस्टिक’ हा शब्द ‘घडविणे, मळून आकार देणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून आलेला आहे. विसाव्या शतकापूर्वी युरोपीय भाषांत तो प्रामुख्याने विशेषण होता व शिल्पकलेच्या संदर्भात येई. पुढे तो द्रव्याचे नाम झाला. म्हणजे ज्या शब्दात मुळात क्रिया होती त्यातून क्रिया लोपली व वस्तू उरली. प्रारंभी इतिहासलेखनाविषयी जी तक्रार केली, तिचेच हे भाषिक रूप आहे.

मराठीत वस्तूच्या निर्मितीरीतीवरून विशेषणे करण्याची जिवंत परंपरा आहे : ओतीव, घडीव, कोरीव. रस साच्यात भरून केलेली वस्तू ओतीव, ठोकून आकारास आणलेली घडीव, द्रव्य काढून टाकून केलेली कोरीव. या विभागणीत पत्र्याची घडण कोठे बसते हे पाहण्यास पुण्याच्या तांबट आळीतील काम उपयोगी पडते. तांबट तांब्याच्या सपाट पत्र्यातून हातोडीने भांडे उठवितो, पत्रा कडक झाला की तापवून मऊ करतो व अखेरीस मठारकामाने पृष्ठ घट्ट करतो. तेथेही पत्रा शेवटपर्यंत पत्राच राहतो. म्हणून प्लॅस्टिकचा दाबून भरलेला डबा ओतीव व पत्र्यातून काढलेला पेला घडीव, असा भेद मराठी भाषक सहज करू शकेल, आणि या रीतीला ‘तापघडण’ हे नाव द्यावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. या नावात एक फरक मात्र झाकला जाऊ नये. तांबटाच्या हातोडीचा प्रत्येक ठोका जाडीचा विचार करून पडतो. हवेचा दाब सर्वत्र सारखा असल्याने जाडी हाताने ठरत नाही, पत्रा कोठे आधी निवतो यावरून ठरते. लाख ताणणाऱ्या कारागिराच्या बोटांत जे ज्ञान होते ते आता ठोकळ्याच्या आकारात व तापकाच्या रचनेत गेले आहे.

लंडनच्या शिंगकाम करणाऱ्यांच्या संघाला १६३८ मध्ये राजसनद मिळाली होती. त्या संघाने १९४३ मध्ये प्लॅस्टिक उद्योगाला आपल्या व्यवसायाचा आधुनिक वारस म्हणून स्वीकारले. जे सातत्य इतिहासग्रंथांत अभावानेच आढळते, ते धंद्यातील लोकांनी स्वतः ओळखले होते.

७

या सातत्यात एक उलटापालट दडलेली आहे. शिंगाचा पत्रा सोलून पातळ करीत, कारण द्रव्य मर्यादित होते. तापघडणीचा पेला पातळ असतो, कारण द्रव्य विपुल असले तरी त्याचा खर्च वाचवावयाचा असतो. शिंगाची पातळ वस्तू जपली जाई. पेला मात्र पातळ असल्यामुळेच फेकला जातो : तो धुऊन पुन्हा वापरण्याइतका टिकत नाही व गोळा करून विकण्याइतका जड नसतो. फेकाऊपणाचा दोष आपण सामान्यतः प्लॅस्टिक या द्रव्याला देतो. त्याचा निम्मा वाटा या रीतीचा आहे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये एकदाच वापरावयाच्या प्लॅस्टिकच्या व थर्मोकोलच्या ताटल्या, पेले, वाट्या इत्यादींवर बंदी घातली. त्या यादीतील थर्मोकोलच्या ताटल्या व पातळ पेले हे बहुतांशी तापलेल्या पत्र्यातूनच घडलेले होते. पॉलिस्टायरीन हेच द्रव्य दूरदर्शन संचाच्या पेटीत वर्षानुवर्षे टिकते व ताटलीत अर्धा तास, यावरून प्रश्न केवळ द्रव्याचा नाही हे उघड आहे.

बंदीनंतर ज्या पर्यायांना मागणी आली त्यांत पोफळीच्या विरीच्या ताटल्या आहेत. झावळीच्या देठाकडील रुंद, चिवट भाग, ज्याला कोकणात विरी म्हणतात, तो धुऊन पाण्यात भिजवावयाचा व तापलेल्या धातूच्या साच्यांमध्ये दाबावयाचा, अशी ती रीत. भिजविणे, उष्णता, दाब, निववणे हा क्रम शिंगकाम करणाऱ्या कारागिराचाच आहे. विरीचे तंतू ताणले जात नाहीत, म्हणून तिची ताटली उथळच होते. खोल पेला तिच्यातून निघत नाही. सर्वस्वी पर्याय म्हणून तिच्याकडे पाहणे त्यामुळे योग्य होणार नाही. तथापि तापलेल्या पत्र्याची विद्या कोणत्याही एका द्रव्याची बांधील नाही, एवढे तिच्यावरून सिद्ध होते. ती कोणत्या पत्र्यावर व किती टिकणाऱ्या वस्तूसाठी वापरावयाची, हा निर्णय रसायनशास्त्राने आपल्यासाठी घेतलेला नाही. तो अद्याप आपल्याच हाती आहे.